उंबऱ्याबाहेरच्या चपला

१

पाय मोडलेल्या माणसाला घर कानांनी बघावं लागतं. माझा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. आतल्या खोलीतल्या खाटेवरून मला दिसायचं ते एवढंच: समोरची भिंत, खिडकीतला कडुनिंब आणि मधल्या दारातून बाहेरच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेचा एक कोपरा. बाकीचा संसार ऐकून समजून घ्यायचा. सायकलसमोर कुत्रं आलं म्हणून मी पडलो. कुत्र्याला काही झालं नाही, हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत असे, आणि प्रत्येकाला त्यातच जास्त आनंद होई.

आम्ही उस्मानपुऱ्यात नूरमोहम्मद यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. निजामाचं राज्य संपवणारी पोलिस ॲक्शन होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. नूरमोहम्मद छावणीतल्या बंगल्यांतलं जुनं सामान घेऊन विकत. मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढणारा भाडेकरू. माझी बायको द्वारका दुपारी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला जाई. आमची शालन पहिलीत होती, तिची शाळा सकाळची. त्यामुळे दुपारी घरात आम्ही दोघंच.

जिना उभा होता, कठडा नव्हता, आणि शालनचा भरवसा नव्हता. मला तर उठताच येत नव्हतं. म्हणून द्वारका निघताना दाराला बाहेरून कडी लावायची. आधी तिचं "येते हो", मग माझं "ये", मग कडीची खडखड, मग जिन्यावर तिची पावलं. दुपारची झोप झाली की शालन खिडकीतून "खाला", म्हणजे मावशी, म्हणून हाक मारी, आणि खालून नूरमोहम्मद यांच्या पत्नी नजमुन्निसाआपा येऊन कडी काढत आणि तिला खेळायला घेऊन जात. पुन्हा "येते", पुन्हा "ये", पुन्हा खडखड. मग शालनच्या चपला जिन्यावर फटक फटक वाजायच्या. तिच्या एका चपलेचं बक्कल तुटलं होतं. द्वारकानं तिथं सेफ्टी पिन लावली होती, तरी चप्पल वाजायचीच.

कोंडून घातलेल्या माणसाला दुपार किती लांब असते ते कोंडल्याशिवाय कळत नाही. पहिल्या आठवड्यात मी रेडिओला शिव्या दिल्या, दुसऱ्यात द्वारकाला. तिनं ते खाली सांगितलं असावं. कारण मग नूरमोहम्मद एक लाकडी डबा घेऊन वर आले.

"बन्सीभाई, ये लो. टुकड़े जोड़ने का खेल है. वक्त कट जायेगा," ते म्हणाले. "हमारी रईसा खेलती थी इससे."

रईसा त्यांची मुलगी. पोलिस ॲक्शनच्या धांदलीत ती हरवली, असं गल्लीत सांगत. त्या दिवसांत बऱ्याच घरांतून कुणी ना कुणी गेलं होतं, आणि गेलेल्याबद्दल खोदून विचारायची रीत नव्हती. मीही विचारलं नाही. शुक्रिया म्हणालो आणि डबा घेतला.

२

तुकडे जाड लाकडाचे होते, चिंचोक्यापेक्षा थोडे मोठे, वर छापील चित्र चिकटवलेलं. डब्यावर नमुन्याचं चित्र नव्हतं. काय जुळवतोय ते जुळल्यावरच कळणार.

खाटेला लागून माझा ड्रॉइंग बोर्ड स्टुलावर ठेवला आणि शालन आणि मी कामाला लागलो. खोटं कशाला बोलू, ते दिवस बरे गेले. ती कडेचे तुकडे शोधायची, मी मधले बसवायचो. हळूहळू एक साहेबी परीकथा वर आली. दाट जंगल, छत्रीएवढ्या लाल अळंब्या, कोट घातलेला कोल्हा, टोपलीत अंडी घेऊन चाललेलं बदक. मधोमध गवताच्या छपराचं एक छोटं घर, धुराडं, उजेडाची खिडकी आणि बंद दार. रंग जुने झालेले, कडेला चहाच्या डागासारखे पिवळे. कुठली गोष्ट होती कोण जाणे. आम्हा दोघांना माहीत असलेली नव्हती.

"बाबा, सगळे तिकडंच का बघतायत?" शालननं विचारलं.

खरंच, कोल्हा, बदक, झाडावरचं घुबड, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडं होत्या. तोंडं घराकडं. मी म्हटलं, आत जेवण शिजत असेल.

शेवटचे तुकडे घराच्या पायरीचे होते. ते शालननं बसवले आणि टाळ्या वाजवल्या. मी चष्मा पुसून बघत राहिलो. पायरीवर, उंबऱ्याबाहेर, पायातलं काढून ठेवलेलं होतं. लाल मोजड्यांचा एक छोटासा जोड. डावीची टाच आत मुडपलेली, घाईनं पाय सरकवायची सवय असलेल्या पोराची असते तशी.

आता, साहेब लोक बूट घालून घरात जातात. बूट घालून जेवतात, आणि ऐकीव गोष्ट, बूट घालून पलंगावरही बसतात. मी छावणीतल्या बंगल्यांची मोजमापं घेतली आहेत. कुठल्याही उंबऱ्याबाहेर चपलांची जागा मी कधी पाहिली नाही. मग विलायतेत बसून हे चित्र काढणाऱ्याला उंबऱ्याबाहेर मोजड्या काढून ठेवायचं कुठून सुचलं?

सुचलं असेल, म्हणालो. चित्रकार हिंदुस्थानात राहिलेला असेल. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी माझी गत झाली होती.

३

पण माझी सवय जाईना. जे दिसेल त्याची प्रत काढायची, ही आमच्या धंद्याची खोड. मी द्वारकाकडून ट्रेसिंगचं कापड मागवलं, चित्रावर पसरलं आणि घराची रेघ न् रेघ उतरवून घेतली. छपराचा उतार, खिडकीची चौकट, दार, पायरी, मोजड्या. हात थरथरत नव्हता. रेघा माझ्या नेहमीच्या, स्वच्छ.

दोन दिवसांनी सहज म्हणून कापड पुन्हा चित्रावर ठेवलं. छप्पर बसलं, खिडकी बसली, पायरी बसली. दार बसेना. माझ्या रेघेत दार चौकटीला टेकलेलं होतं. खालच्या चित्रात चौकट आणि दार यांच्यामध्ये काळी फट होती, आगकाडीएवढी.

श्रावणातली दमट हवा होती. लाकूड फुगतं, तुकडे सरकतात, कागद ताणला जातो. हे मी स्वतःला नीट समजावून सांगितलं. मग लाकूड फुगलं तर छप्परही हलायला हवं होतं, हेही मलाच सुचलं, आणि मला माझाच राग आला.

पुढच्या खेपेला फट बोटभर होती. आत अंधार रंगवलेला, आणि त्या अंधारातून दाराची कड कुणीतरी आतून धरलेली. चार बोटं. मी भिंग लावून पाहिलं. बोटं दाराच्या खालच्या अंगाला होती, मोठ्या माणसाचा हात जिथं येत नाही तिथं.

मी भिंग खाली ठेवलं, आणि मोडायचं म्हणून बोर्डाची कड धरून तुकडे उचकटायला लागलो. एक तुकडा निघाला तर शपथ. नखं दुखली, फुटपट्टीची धार घालून पाहिली, पण चित्र एकसंध फळी असल्यासारखं बसलं होतं. आवाजानं शालन झोपेतून उठली आणि रडायला लागली.

"नको ना बाबा. आत ताई आहे."

संध्याकाळी मी द्वारकाला सांगितलं, हे माझ्या डोळ्यांसमोरून आधी हलव. ती हसली. "प्लास्टरची उष्णता डोस्क्यात चढली तुमच्या. लाकडाच्या तुकड्यांना काय भ्यायचं?" पण तिनं बोर्ड उचलला आणि बाहेरच्या खोलीत ट्रंकेवर नेऊन ठेवला. माझ्या खाटेवरून आता ट्रंकेचा कोपरा दिसायचा, आणि त्यावर बोर्डाचा कोपरा. चित्र दिसत नव्हतं. मला वाटलं, बरं झालं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी आपा आल्या. कडी निघाली, शालन "येते हं बाबा" म्हणाली, मी "ये" म्हणालो. मग बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला, हळू, "येते हं ताई."

"ये," कुणीतरी म्हणालं.

मला वाटलं, आपाच बोलल्या. पण आवाज लहान होता, आणि जिन्याच्या तळाशी आपा खाकरल्याचं मला त्याच वेळी ऐकू आलं. त्या कडी काढून पुढं उतरल्या होत्या. मग चपलांची फटक फटक, मग आपा परत वर आल्या, कडी लावायला. पण कडी लागली नाही. बराच वेळ काहीच वाजलं नाही.

"आपा?" मी हाक मारली.

त्या मधल्या दारात आल्या. स्थूल, हसऱ्या बाई, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. आज त्यांचा चेहरा कुणी पुसून टाकल्यासारखा झाला होता.

"भाऊ, हे इथं कुणी आणलं?"

"भाईसाहेबांनी. मला वेळ जावा म्हणून."

त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "ती टाच बघितली? मी रोज ओरडायचे तिला. टाच दाबू नको, मोजडी खराब होते. ऐकायचीच नाय." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "लोक म्हणतात, गर्दीत हरवली. कुठली गर्दी, भाऊ? बाहेर गडबड म्हणून आम्ही चार दिवस दार उघडलं नव्हतं. कडी आतून होती. हौ, आतून. पोरगी खोलीत बसून हेच जुळवत होती."

"मला काय माहीत होतं?" आपा म्हणाल्या. "पोरीला शोधायचं का पसारा बघायचा? फरशीवर पडलं होतं, पायात येत होतं. मीच सगळं मोडलं आणि डब्यात भरलं. त्याच दिवशी."

खालून शालननं हाक मारली तेव्हा त्या उठल्या. जाताना माझ्यापुढं हात जोडले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यापुढं कधी हात जोडले नव्हते. "हे मोडू नका. तुम्हाला तुमच्या पोरीची शपथ."

मी माझ्याच पोरीसाठी ते मोडायला निघालो होतो. हे त्यांना कसं सांगणार?

५

त्या संध्याकाळी द्वारकाला सगळं सांगितलं. शाळेतून येताना आपांचं रडणं तिनंही ऐकलं होतं, म्हणून ती हसली नाही. पण पटलंही नाही. "मायेचं दुःख आहे. जिकडं बघंल तिकडं तिला पोरगीच दिसणार," ती म्हणाली. "भाईसाहेब वैजापूरला गेलेत सामान घ्यायला. उद्या सांजच्याला येतेत. आले की बोर्डासगट खाली नेऊन देते. मग तर झालं?"

"उद्या शाळेत जाऊ नकोस."

"परीक्षा हाय मुलींची. दुपारचा तर प्रश्न."

मी म्हटलं, शालनला बरोबर ने. ती म्हणाली, मोठ्या बाईंना चालत नाही. मी म्हटलं, बोर्ड आत्ताच खाली दे. ती म्हणाली, आपांची हालत बघितली ना, रात्रभर त्या त्याच्यापुढं बसतील. तिचं प्रत्येक म्हणणं शहाण्या माणसाचं होतं. मी प्लास्टरमध्ये आडवा होतो आणि माझ्याकडं दाखवायला होतं ते एक ट्रेसिंगचं कापड.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेतून आल्यावर शालन माझ्या खाटेवर बसून भाकरी खात होती. मी विचारलं, ती ताई काय म्हणते गं?

"ती रागावलीय. म्हणते, तू रोज येते येते म्हणतेस, आणि येत नाहीस."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की निघताना म्हटलेलं "येते" म्हणजे "जाते". जाते म्हणू नये, अशुभ असतं. शालन लहान असताना एकदा दारातून "जाते" म्हणाली तेव्हा आपांनीच तिच्या तोंडावर हात ठेवला होता. "जाते नक्को बेटा, येते म्हणायचं." रईसाला याच बाईनं वाढवलं. ती रईसा असती तर तिला "येते"चा अर्थ कळला असता. दाराआड जे काही होतं ते आपल्यातलं नव्हतं. त्यानं आमचं निरोपाचं बोलणं शब्दाला शब्द धरून ऐकलं होतं, आणि ते वाट बघत होतं.

मग मला वाटलं, शब्दच धरायचा असेल तर शब्दच देऊ.

"हे बघ शालन," मी म्हणालो, "तिच्याकडं जाऊच नकोस. आणि चुकून गेलीस तर येते म्हणायचं नाही. जाते म्हणायचं. म्हणजे ती वाट बघायची नाही."

"जाते म्हटलं तर खाला मारते."

"मी सांगतो खालाला."

तिनं मान डोलावली. मग विचारलं, "तिला वाईट नाही वाटणार?"

"नाही."

६

द्वारकाचं "येते हो" झालं. कडीची खडखड झाली. आभाळ भरून आलं होतं आणि कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. शालनला मी माझ्या खाटेवरच, भिंतीच्या बाजूला निजवलं, तिच्या अंगावर हात टाकला आणि जागा राहायचं ठरवलं. आडव्या माणसाचं ठरवणं काय, डोळा लागला.

जाग आली तेव्हा हाताखाली उशी होती.

बाहेरच्या खोलीत तिची पावलं वाजत होती, अनवाणी, ट्रंकेजवळ. मी हाक मारणार तोच तिचा स्वच्छ आवाज आला, शाळेत कविता म्हणतात तसा.

"जाते, बाबा."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. पोरीनं सांगितलेलं लक्षात ठेवलं होतं. ट्रंकेपाशी उभी राहून तिनं तोंडावर सांगून टाकलं होतं, आणि मला कळावं म्हणून मोठ्यांदा.

"शाबास," मी म्हणालो. "ये आता इकडं."

चपला वाजल्या. फटक, फटक. दोनदाच, काढून ठेवल्यासारख्या.

मी वाट बघितली. आता कडीची खडखड होईल. आपा वर आल्या असतील, तिला नेत असतील, म्हणूनच चपला. आधी खडखड, मग जिना. रोजचं आहे. मी कान देऊन ऐकत राहिलो आणि मग मला आठवलं की तिच्या चपला बाहेर असतात, दाराच्या पलीकडं, जिन्याच्या तोंडाशी. आम्ही चपला घरात आणत नाही. आणि कडी वाजलीच नव्हती.

"जाते, बाबा" हे ती चित्राला म्हणाली नव्हती.

मी खाटेवरून खाली पडलो. प्लास्टर फरशीवर आपटलं, तडकलं. कोपरांवर सरपटत मधल्या दारातून बाहेरच्या खोलीत आलो. खोली रिकामी होती. ट्रंकेमागं कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं, ढकललं तर कडी पलीकडून वाजली. खिडकीला गज.

ट्रंकेला धरून मी एका पायावर उठलो.

चित्रातलं घराचं दार बंद होतं. ट्रेसिंगमध्ये होतं तसं, चौकटीला टेकून. पायरीवर लाल मोजड्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी, नीट एका रांगेत, चपलांचा आणखी एक जोड. एकीवर एक चमकता ठिपका होता. मला भिंगाची गरज नव्हती. ती सेफ्टी पिन होती.

मी तिच्या नावानं ओरडलो. दारावर बोट ठेवलं, चित्रातल्या. त्याबरोबर ते हललं. दार नव्हे, तुकडा. ज्या फळीत मला फुटपट्टीनंही फट पाडता आली नव्हती, तिचे तुकडे आता सुटे झाले होते. एक सरकला तसा शेजारचा सरकला, छपराला भेग गेली, बोर्ड ट्रंकेच्या कडेवरून कलायला लागला. मी दोन्ही तळवे चित्रावर दाबले. हातांखाली सगळं डळमळत होतं, पाण्यावरच्या पानासारखं. मी श्वाससुद्धा जपून घेतला.

त्याच दिवशी मोडून डब्यात भरलं, आपा म्हणाल्या होत्या, आणि रईसा परत आली नव्हती.

किती वेळ तसा उभा होतो, ठाऊक नाही. तडकलेल्या पायातून कळ डोक्यात जात होती. मग जिन्यावर द्वारकाची पावलं वाजली. तिच्यामागं आपांची जड पावलं.

"आपा, शालन तुमच्याकडं हाय ना?" द्वारका बोलत होती. "चपला नाय दिसत तिच्या बाहेर."

"नाय गं. आज तिनं हाकच मारली नाय. मी म्हटलं, झोपली असंल."

कडीची खडखड झाली.

"सावकाश," मी आतून म्हणालो. "दार सावकाश उघड. वारं येऊ देऊ नकोस."

द्वारका आत आली आणि मला उभा बघून दचकली. "अहो, पाय! उठले कशाला?" ती आतल्या खोलीत डोकावली, खाटेकडं, मोरीकडं. तिच्यामागून आपा आल्या. त्यांनी माझे हात बघितले, माझ्या बोटांमधून दिसणारी पायरी बघितली. पुढं येऊन ट्रंकेशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि आपले दोन्ही तळवे माझ्या हातांच्या बाजूला, जिथं कडेचे तुकडे सुटत होते तिथं, ठेवले. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते.

द्वारका खोलीच्या मधोमध उभी होती. शाळेची पिशवी अजून तिच्या खांद्याला होती.

"अहो," ती म्हणाली, "शालन कुठंय?"

आम्हा दोघांपैकी कुणीही हात उचलला नाही.